पोटाची खिडकी



जखम झाली की शरीर ती बुजवतं, हे आपण गृहीत धरतो. खपली धरते, कातडी जुळते, वण राहतो. पण शरीर कधी कधी असा काही भलताच मार्ग काढतं की डॉक्टरही थक्क व्हावेत. आज अशा एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याच्या शरीरानं भोक बुजवलं नाही, त्याला चक्क दार बसवलं!

ही गोष्ट अमेरिकेतली, 1822 सालची. ह्युरॉन सरोवरात मॅकिनॉ नावाचं बेट आहे. फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीचं तिथं दुकान होतं. 6 जून रोजी त्या दुकानात कुणाची तरी बंदूक चुकून सुटली आणि दोन-तीन फुटांवर उभ्या असलेल्या अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला लागली. हा कॅनडातला फ्रेंच भाषिक, होडी वल्हवणारा, ओझी वाहणारा. हातावर पोट असलेला माणूस. बरगड्या मोडल्या, जठराला भोक पडलं, सकाळची न्याहारी जखमेतून बाहेर आली. किल्ल्यावरचे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट धावत आले. हा काही छत्तीस तासांपलीकडे जगत नाही, असं त्यांना वाटलं.

पण तो जगला. पहिले सतरा दिवस जे खाईल ते भोकातून बाहेर येई. मग हळूहळू अन्न टिकू लागलं. जठराची कड छातीखालच्या कातडीला चिकटली आणि भोक तसंच उघडं राहिलं. पुढे दीड-दोन वर्षांत जठराच्या अस्तराची एक घडी वाढून भोकावर आतून पडद्यासारखी बसली. अन्न बाहेर येणं थांबलं, पण बोटानं पडदा ढकलला की आतलं सगळं दिसे. धडधाकट, लाकडं फोडणाऱ्या माणसाच्या पोटाला खिडकी!

त्या काळी जठरात नेमकं काय चालतं यावर पंडितांत मोठा वाद होता. कुणी म्हणे अन्न तिथं दळलं जातं, कुणी म्हणे आंबतं, कुणी म्हणे कुजतं. आपल्याकडेही जठराग्नी म्हणतात, म्हणजे अन्न शिजतं ही कल्पना. अठराव्या शतकात इटलीतल्या स्पालान्झानीनं अन्न भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळून पाहिल्या होत्या. पण चालू असलेलं जठर डोळ्यांनी पाहण्याची अशी संधी क्वचितच कुणाला मिळाली होती.

1 ऑगस्ट 1825 रोजी दुपारी बारा वाजता बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे काही तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून त्या खिडकीतून आत सोडला. एक वाजता ओढून पाहिलं तर पाव आणि कोबी निम्मे विरघळलेले, मांस मात्र जसंच्या तसं. दोन वाजता पाव, कोबी आणि काही मांस दोऱ्यावरून नाहीसं झालं होतं. जठरातला रस काढून बाटलीत घेतला आणि ती शरीराइतकी उबदार ठेवली, तर बाटलीतसुद्धा मांस विरघळलं. म्हणजे दळणं नाही, कुजणं नाही, ही त्या रसाची करामत. रिकाम्या जठराला आंबट चव लागते का, हे बोमाँट यांनी स्वतःची जीभ लावून पाहिलं! (लागली नाही. अन्न पडलं की आंबट रस सुटतो.) असे दोनशेहून अधिक प्रयोग करून 1833 साली त्यांनी पुस्तक छापलं. शाळेच्या पुस्तकातल्या पचनाच्या धड्याचा पाया या पुस्तकानं पक्का केला.

इथवर विज्ञानाचा इतिहास. मला रुखरुख लागते ती पुढच्या भागाची.

गावानं खर्च नाकारल्यावर बोमाँट यांनी सेंट मार्टिनला आपल्या घरी आणून जगवलं, हे खरं. त्यांचे उपकार मोठेच. पण त्या घरात तो रोगी, नोकर आणि प्रयोगाचं पात्र असा तिन्ही होता. 1825 मध्येच तो न सांगता कॅनडाला निघून गेला आणि तिथं त्यानं लग्न केलं. 1829 मध्ये बायकामुलांसह परत आला. 1832 मध्ये रीतसर करार झाला: वर्षाला दीडशे डॉलर, राहणं, जेवण, कपडे. बदल्यात डॉक्टर सांगतील ते प्रयोग करू द्यायचे. लिहिता येत नसल्यानं त्यानं सहीच्या जागी फुली मारली. पोटासाठी माणूस काय काय करतो, आपण पाहतोच. यानं पोटच भाड्यानं दिलं.

राग आला की जठराचं काम बिघडतं, अशीही नोंद बोमाँट यांनी केली आहे. रागाचा परिणाम वहीत आला. उपाशीपोटी ताटकळत बसून पोटात नळी घालून घेणाऱ्याला राग का येत असेल, हे आपण ओळखायचं.

1834 मध्ये तो गेला तो पुन्हा आला नाही. बोमाँट यांनी पत्रं धाडली, पैसे देऊ केले, पण व्यर्थ. 1853 मध्ये बोमाँट वारले. पोटाला भोक असलेला हा माणूस मात्र त्यांच्यानंतर 27 वर्षं जगला!

24 जून 1880 रोजी क्वेबेकमधल्या सेंट थॉमस या खेड्यात तो वारला. त्याचं जठर संग्रहालयासाठी मिळावं म्हणून विल्यम ऑस्लर यांच्यासारखे नामवंत डॉक्टर खटपट करत होते. घरच्यांनी काय केलं असेल? ऐन उन्हाळ्यात त्यांनी प्रेत मुद्दाम घरात ठेवलं, चांगलं कुजू दिलं, मग आठ फूट खोल पुरलं. वर खूणसुद्धा ठेवली नाही. घरातल्या माणसाचं प्रेत असं ठेवताना त्यांना काय वाटलं असेल? पण डॉक्टरांना थोपवायचा दुसरा उपाय त्यांच्यापाशी नव्हता.

1962 मध्ये कॅनडातल्या शरीरशास्त्रज्ञांनी तिथं त्याच्या स्मरणार्थ फलक बसवला. चांगलं केलं. मला मात्र त्या फलकापेक्षा ते आठ फूट जास्त बोलके वाटतात. सगळ्या जगानं ज्याच्या पोटात डोकावून पाहिलं, त्याच्या माणसांनी ती खिडकी शेवटी स्वतःच्या हातांनी बंद केली.