यशवंतीची पिल्ले

दरवर्षी वसुबारसेच्या आधी आमच्या अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. दगडांवर पोती अंथरायची, त्यांवर चिखल लिंपायचा, अळीव आणि मोहरी पेरायची आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे जागोजागी उभे करायचे, हा क्रम माझ्या लहानपणापासून चालत आला आहे. गेल्या दिवाळीला माझ्या पुतण्याने सिंहगड केला. डोणागिरीच्या कड्यावर त्याने रबराची एक पाल चिकटवली, तिच्या कमरेला सुतळी बांधली आणि त्या सुतळीला तीन मावळे लोंबकळत ठेवले. आळीतली मंडळी येऊन कौतुक करून गेली. एवढ्यात त्याच्या पाठीवरची बहीण, वय वर्षे सहा, मला म्हणाली, "काका, यशवंतीची पिल्लं कुठं आहेत?"

मी हसलो, पण उत्तर काही सुचेना. मी वीस वर्षे मुलांना इतिहास शिकवतो आहे. शिवाय माझ्या एका कादंबरीत मी स्वतःच घोरपड सोडून कडा चढवलेला आहे. तिला शेंदूर लावला, तिच्या डोळ्यांत स्वामिनिष्ठासुद्धा घातली! पण ती आली कोठून, तिला वाढवले कोणी, तिची वीण कशी झाली, हा विचार मला कधी शिवला नव्हता. त्या पोरीने मला वर्षभर कामाला लावले. त्या खटाटोपातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

कथा सर्वांना ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. माघ वद्य नवमी. तानाजी मालुसरे कोंढाण्याच्या कड्याखाली उभे आहेत. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने या प्रसंगातली घोरपड घरोघर पोहोचवली, आणि १९१८ साली निघालेल्या किंकेड व पारसनीस यांच्या इंग्रजी इतिहासातही तिला जागा मिळाली. पेटाऱ्यातून तिला काढली, कपाळी शेंदूर लावला, मोत्याचा दागिना घातला. तिने म्हणे आधी सत्तावीस किल्ले चढवले होते. पण त्या रात्री ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली, आणि तानाजींनी तिला कापून खाण्याची धमकी दिली तेव्हा कोठे ती वर गेली. कोणी तिला यशवंत म्हणतात, कोणी यशवंती. यात शाहिरांना दोष देता येत नाही. घोरपड नर आहे की मादी हे नुसते वरून पाहून जाणत्यांनाही सहज सांगता येत नाही.

ही कथा तानाजींपासूनच सुरू होते असेही नाही. मुधोळच्या घोरपडे घराण्यात अशी परंपरा आहे की, महमूद गावानच्या कोकणस्वारीत, म्हणजे १४७० च्या सुमारास, त्यांच्या पूर्वजाने घोरपडीच्या साहाय्याने खेळणा किल्ला घेतला आणि त्यावरून घराण्याला हे नाव पडले. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. त्या घराण्याच्या फर्मानांच्या खरेपणाविषयी संशोधकांत वाद आहेत. पण एवढे दिसते की, घोरपडीने गड चढवण्याची कल्पना आपल्या मुलखात निदान दोन वेगवेगळ्या गडांना चिकटलेली आहे.

आता असे जनावर खरोखरच सैन्यात असते, तर त्याची काही व्यवस्था असती. शिवछत्रपतींच्या राज्यात अठरा कारखाने होते. त्यांत हत्तींसाठी पीलखाना होता, उंटांसाठी उष्टरखाना होता, शिकारखाना होता. घोड्यांच्या पागा तर प्रसिद्धच आहेत. सत्तावीस किल्ले मिळवून देणाऱ्या जनावरासाठी मात्र एक घोरपडखाना निघू नये?

तो का निघाला नाही, याचे उत्तर दप्तरांत शोधण्यापेक्षा वारुळात शोधावे. घोरपडीची मादी पावसाळ्याच्या दिवसांत जमीन किंवा वारूळ उकरून वीसेक अंडी घालते आणि वरून माती लोटून निघून जाते. कधीकधी ती जवळपास आणखी खड्डे उकरून ठेवते. अंडी चोरणारा फसावा, हा हेतू. पण यापुढे आईचा संबंध संपला. अंडी वारुळाच्या उबेत पडून राहतात. कोंबडीचे अंडे एकवीस दिवसांत फुटते. घोरपडीच्या अंड्याला सहा ते आठ महिने लागतात. पिल्लू बाहेर येते ते एकटेच, आणि पहिल्या दिवसापासून किडे-भुंगे शोधत स्वतःचे पोट भरू लागते. ते कोणाच्या मागे चालत नाही, कोणाचे ऐकत नाही.

माणसाने ज्यांच्याकडून पिढ्यान् पिढ्या काम करून घेतले ती जनावरे बहुतेक कळपातली. घोडा, बैल, कुत्रा, हत्ती, यांना आपल्यापेक्षा थोरल्याचे ऐकण्याची मुळातच सवय असते. माणूस फक्त त्या थोरल्याच्या जागी जाऊन बसतो. घोरपडीच्या जगात ती जागाच नाही. मग बसणार कोठे?

मग 'घोरपडीसारखा चिकटून बसला' हे आपण म्हणतो ते खोटे का? मुळीच नाही. कपारीत शिरलेली घोरपड नखे रोवते, अंग फुगवते, आणि शेपटी धरून ओढणारा गडी घामाघूम होतो. पण ती चिवटाई कपारीत अडकून बसण्याची आहे. उघड्या कड्यावर दोर टांगला की गोष्ट निराळी. चांगली थोराड घोरपड शेपटीसकट पावणेदोन मीटर भरते. वजन मात्र सात किलोच्या घरात. तिच्या कमरेच्या दोराला ढालतलवारीसह मावळा लोंबकळला, तर कोण कोणाला घेऊन जाईल हे पाचवीतला मुलगाही सांगेल.

आणि सर्वांत मोठी अडचण त्या रात्रीचीच आहे. घोरपडीचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून ऊब धरत नाही. सकाळी उन्हात अंग शेकल्यावर ती हालचालीला लागते आणि दिवस मावळताच बिळात शिरते. थंडीच्या दिवसांत तर ती फारशी बाहेरही पडत नाही. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंच. माघातली मध्यरात्र. त्या वेळी पेटाऱ्यातून काढलेली घोरपड जर चढली नसेल, तर तो अपशकुन नव्हे, तिचा देहधर्म होता.

मग कडा चढले कोण? राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजीला बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्याच्या बखरीत या प्रसंगी घोरपड नाही. दोन मावळे निवडले, ते रात्री वानरासारखे कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि तीनशे माणूस तानाजींसह वर आले, असे तो सांगतो. त्या दोघांची नावे त्याने दिलेली नाहीत. आणि पुढे आम्ही लेखकांनी काय केले? जनावराचे नाव घरोघर पोहोचवले, आणि ती दोन माणसे विसरून गेलो. माझी कादंबरी आता हाती घेतो तेव्हा त्या पानावर मला अपराधी वाटते.

दुसरा अपराध घोरपडीचा. तिची नसलेली ताकद आम्ही एवढी गायली, की लोक ती ताकद तिच्या अंगातून काढून घेऊ पाहतात. सांधेदुखीला तिचे तेल, अंगात बळ यावे म्हणून तिचे मांस. तिचा एक सुकवलेला अवयव 'हत्था जोडी' या नावाने दैवी मुळी म्हणून खपवतात. गोव्यातल्या घुमटालाही पूर्वी तिचेच कातडे लागे. आता त्या जागी बकऱ्याचे कातडे आले आहे, आणि वाद्य काही मुके झालेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवले आहे. पण कायदा गावच्या ओढ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

या भाद्रपदात आमच्या ओढ्याकाठचे एक जुने वारूळ कोणीतरी खणून काढले. सकाळी शाळेत जाताना मी पाहिले, मातीत पांढरी, चिवट सालीची अंडी फुटून पडली होती. मी मोजली, अकरा होती. जवळच फरफटल्याची खूण ओढ्यापर्यंत गेली होती. गेल्या दिवाळीचा तो प्रश्न मला तेथे आठवला, आणि उत्तर समोरच होते.

घरी येऊन मी पोरीला सारे सांगितले, अंड्यांचेसुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही.

यंदाचा किल्ला तिने आणि भावाने मिळून केला आहे. कड्यावर सुतळी नाही. अगदी टोकाशी दोन मावळे हाताची बोटे रोवून चढताहेत. त्यांना कोणती नावे द्यावीत यावर बहीणभावांचे भांडण अजून मिटायचे आहे. आणि पायथ्याशी मातीचे एक वारूळ आहे. रबराची पाल आता त्याच्या तोंडाशी बसते. वारुळाच्या पोटात साबुदाण्याचे वीस दाणे ठेवले आहेत आणि आल्यागेल्याला ताकीद आहे, हात लावायचा नाही.