शंखावरचे नाव

क्षिप्रेच्या काठी वसलेल्या उज्जयिनीस समुद्राचा वाराही लागत नाही. तरीही इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तिचा ‘ओझेनी’ या नावाने उल्लेख आहे. येथील अकीकजातीचे खडे व मलमल भडोच बंदरात जाई आणि तेथून जहाजांवर चढे. सांदीपनींच्या आश्रमाची कथा तर थेट समुद्रतळाशी पोहोचते. गुरुदक्षिणा म्हणून गुरूचा बुडालेला पुत्र आणण्यासाठी श्रीकृष्ण प्रभासच्या समुद्रात उतरला, तेव्हा पंचजन दैत्याच्या देहातून त्याला शंख मिळाला. ज्याच्या अंगचा तो शंख, त्याचेच नाव त्याला लाभले : पांचजन्य.

समुद्राची खूण घरी न्यावी, ही हौस एकोणिसाव्या शतकातील दर्यावर्दी मंडळींनाही होती. उष्ण समुद्रांतील मोठ्या कवड्या आणि नॉटिलसचे शंख यांवर त्या काळी जहाजे, नांगर, प्रियजनांची नावे कोरीत. वरचा रंगीत थर काढला की आतला निराळ्या छटेचा थर उघडा पडे आणि त्यावर चित्र उठून दिसे.

अशी वस्तू दिवाणखान्यात दिसली की, एखाद्या खलाशाने फावल्या वेळी ती कोरली असावी, असे पाहणारा सहज म्हणे. परंतु ही समजूत नेहमीच खरी नव्हे. शिंपल्यांची नक्षी भरलेल्या अष्टकोनी पेट्याही दीर्घकाळ खलाशांच्याच हातच्या मानल्या जात. पुढे उघड झाले, की त्यांपैकी पुष्कळशा वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटावर तयार होऊन ब्रिजटाउनच्या दुकानांत विकल्या जात. आठवण घेणाऱ्याची होती, कष्ट दुसऱ्याचे होते.

सी. एच. वुड या इंग्रज कारागिराने मात्र आपल्या कामावर सही केली. नॉटिलसच्या शंखावर त्याने ‘ग्रेट ईस्टर्न’ हे प्रचंड जहाज कोरले. १८५८ साली पाण्यात उतरलेले हेच जहाज १८७० मध्ये मुंबईस आले आणि त्याने मुंबईहून एडनपर्यंत समुद्रातून तार टाकली.

वुडसारखे भाग्य थोड्यांच्याच वाट्यास आले. पंचजन दैत्य असूनही त्याचे नाव शंखाला चिकटून राहिले. या कोरीव शंखांवर मात्र जहाजाचे नाव ठळक असते आणि कोरणाऱ्याचा मागमूस नसतो. संग्रहालयात अशी वस्तू दृष्टीस पडली, तर जहाजाचे नाव वाचून पुढे जाऊ नये. क्षणभर थांबून कोपऱ्यात एखादी सही आहे का, तेही शोधावे.