घर विकण्यापूर्वीची डागडुजी : काय करावे, काय टाळावे

घर विकण्याचा निर्णय झाला, की बहुतेक कुटुंबांत सर्वप्रथम रंगाऱ्याला बोलावणे धाडले जाते. भिंतींवर ताजा रंग चढला, की घर नवे दिसेल आणि ग्राहक मनासारखी किंमत देईल, असा त्यामागचा हिशेब असतो. मात्र घर पाहायला येणारा ग्राहकही आता पूर्वीइतका भाबडा राहिलेला नाही. नुकत्याच रंगवलेल्या छतावर तो ओलीचा डाग शोधतो, न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर हात फिरवून पाहतो आणि स्वयंपाकघरातील नळ सोडून पाण्याचा जोर अजमावतो. त्याने कर्ज काढले असेल, तर बँकेचा मूल्यांककही घर पाहून जातो. म्हणूनच विक्रीपूर्वीच्या दुरुस्तीचे एक साधे सूत्र ध्यानात ठेवावे. जो खर्च दोष दूर करतो, तो सत्कारणी लागतो. जो केवळ दोष झाकतो, तो वाया जातो आणि प्रसंगी अंगाशीही येतो.

कायदा काय सांगतो?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधील कलम ५५ विक्रेत्यावर एक स्पष्ट जबाबदारी टाकते. मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, परंतु खरेदीदाराला ठाऊक नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येण्याजोगा नाही, तो विक्रेत्याने उघड केला पाहिजे. तो न सांगणे हे याच कलमानुसार कपट ठरते. झिजलेली लादी कोणालाही दिसते. परंतु दर पावसाळ्यात पाझरणारी आणि उन्हाळ्यात रंगाखाली दडवलेली भिंत ही निराळी बाब आहे.

याला व्यवहाराचीही एक बाजू आहे. इसार दिल्यानंतर साठेखत, कर्जाची मंजुरी, सोसायटीचे ना-हरकत पत्र, खरेदीखत आणि प्रत्यक्ष ताबा या टप्प्यांत सहज दोन-तीन महिने निघून जातात. एप्रिलमध्ये रंगवलेल्या घराचा ताबा जुलैत द्यायची वेळ आली, तर झाकलेली ओल नेमकी त्याच काळात वर येते. मग ग्राहक ठरलेल्या रकमेतून मोठी कपात मागतो किंवा व्यवहारातूनच अंग काढून घेतो. त्या रकमेच्या भरवशावर विक्रेत्याने दुसरे घर आरक्षित केले असेल, तर त्याची दोन्हीकडून कोंडी होते.

प्रथम ओल, मग रंग

सदनिकांतील दोषांमध्ये गळती व ओल यांना पहिला क्रमांक द्यावा लागेल. भिंतीला लोणा लागणे, रंगाचे पोपडे सुटणे आणि गिलावा ठोकल्यावर पोकळ आवाज येणे ही तिची लक्षणे होत. ओल दिसते तेथेच पाण्याचा उगम असतो असे नाही. न्हाणीघरातील लाद्यांचे सांधे उघडे पडणे, नहाणी ट्रॅपभोवतीची भेग, भिंतीतील नळाची जोडणी, बाहेरच्या भिंतीचा तडकलेला गिलावा किंवा खिडकीची सदोष चौकट यांपैकी कोणतेही कारण असू शकते. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या रुळांत पाणी बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात. ती धुळीने बुजली, तरी पावसाचे पाणी घरात उतरते. ती साफ करायला तर काहीच खर्च येत नाही.

न्हाणीघरावर संशय असल्यास निचऱ्याचे तोंड बंद करून तेथे २४ ते ४८ तास पाणी साठवावे आणि खालच्या मजल्यावरील छताचे निरीक्षण करावे. सांध्यांतूनच पाणी झिरपत असेल, तर जुने सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरल्याने काम भागते. परंतु लादीखालचा जलरोधक थर निकामी झाला असेल, तर लादी व कोबा उखडून तो थर नव्याने करण्यावाचून गत्यंतर नसते.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पाण्याचा उगम बंद करावा, मग भिंत पूर्ण सुकू द्यावी, त्यानंतर गिलावा, पुट्टी आणि सर्वांत शेवटी रंग. नव्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावे लागते आणि रंगापूर्वी तो काही आठवडे सुकावा लागतो. महाराष्ट्रातील हवामान पाहता पावसाळा संपल्यानंतरचे कोरडे महिने या कामांसाठी उत्तम होत.

खर्च कोणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी गळती, सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याच्या नळांमुळे होणारी गळती आणि इमारतीच्या बाह्य भागाची दुरुस्ती यांचा खर्च सोसायटीने करावयाचा असतो. सदनिकेतील न्हाणीघर, शौचालय व मोरी यांमुळे होणारी गळती मात्र संबंधित सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करावयाची असते. सर्वांत वरच्या मजल्यावरील सदस्याने गच्चीच्या गळतीची तक्रार घर विकायला काढण्यापूर्वीच लेखी स्वरूपात द्यावी. आपल्या न्हाणीघरामुळे खालच्या घरात पाणी गळत असेल, तर तो वादही आधी मिटवावा. घर पाहायला आलेला ग्राहक खालच्या मजल्यावर चौकशी करणारच नाही, असे समजणे चुकीचे ठरेल.

तडे आणि गंजलेल्या सळया

गिलाव्यावरील केसासारख्या बारीक भेगा सहसा चिंतेचे कारण नसतात. तिरप्या जाणाऱ्या, रुंदावत जाणाऱ्या किंवा स्तंभ व तुळईवर दिसणाऱ्या भेगा मात्र अभियंत्याला दाखवाव्यात. भेगेवर काचेची पातळ पट्टी पक्की चिकटवून काही आठवडे ठेवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. पट्टी तडकली, तर भेग अजून हलते आहे असे समजावे.

मुंबईसारख्या खाऱ्या, दमट हवेत काँक्रीटमधील सळया गंजण्याचे प्रमाण मोठे असते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि त्या दाबाने काँक्रीटचे आवरण सुटून पडते. अशा ठिकाणी नुसते सिमेंट थापून उपयोग नाही. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, तिला गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने ती जागा भरावी लागते. स्तंभ, तुळई व स्लॅब हा साऱ्या इमारतीचा प्रश्न असल्याने हे काम सोसायटीला कळवून, संरचना अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावे.

आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींची दर तीन वर्षांनी अपेक्षित आहे. या अहवालाची प्रत हाती असेल, तर जुन्या इमारतीविषयीच्या ग्राहकाच्या शंकांना नेमके उत्तर देता येते. सोसायटीने मोठ्या दुरुस्तीसाठी वर्गणी ठरवली असेल, तर तिचे उरलेले हप्ते कोणी भरायचे, याची नोंद साठेखतातच करावी.

वीज, पाणी आणि लाकूडकाम

जुन्या घरांतील वीजजोडणी पंखे आणि दिवे डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. आजच्या वातानुकूलक, गीझर व मायक्रोवेव्हचा भार तिला पेलवत नाही. परवानाधारक वायरमनकडून तारांच्या आवरणाची चाचणी आणि अर्थिंगची तपासणी करून घ्यावी. जुने फ्यूज काढून एमसीबी आणि ३० मिलिअँपियर क्षमतेचा आरसीसीबी बसवणे हा तुलनेने छोटा खर्च आहे. पण विजेचा धक्का बसण्याचा धोका त्यामुळे पुष्कळ कमी होतो आणि सुरक्षिततेची ही खूण ग्राहकाच्या नजरेत भरते.

जुने जस्तलेपित लोखंडी नळ आतून गंजून अरुंद होतात, परिणामी वरच्या टाकीत पाणी असूनही नळाला धार येत नाही. न्हाणीघर उखडायचेच असेल, तर हे नळ त्याच वेळी बदलावेत. नवी लादी बसवून आत जुने नळ तसेच ठेवण्याइतका तोट्याचा व्यवहार दुसरा नाही.

दारांच्या चौकटी, खिडक्या आणि भिंतीतील कपाटे यांवर वाळवीच्या मातकट रेषा दिसतात का, तेही पाहावे. रेषा पुसून रंग दिल्याने वाळवी जात नाही. चौकटीलगत व भिंतीच्या पायथ्याशी छिद्रे पाडून औषध भरण्याचे काम जाणकारांकडूनच करून घ्यावे. न्हाणीघराची कुजलेली लाकडी चौकट बदलताना ग्रॅनाइटची चौकट बसवल्यास ती पाण्याने पुन्हा कुजण्याचा प्रश्नच उरत नाही.

किरकोळ बाबींचाही प्रभाव कमी नसतो. गळता नळ, कुरकुरणारी बिजागरी, न लागणारी कडी, फुटलेले बटण ही कामे गवंडी, सुतार व प्लंबर यांच्या एक-दोन दिवसांत उरकतात. अशा चार गोष्टी नादुरुस्त दिसल्या, की मोठ्या गोष्टींकडेही दुर्लक्षच झाले असेल, असा निष्कर्ष ग्राहक काढतो.

नकाशाबाहेरचे फेरफार

काही दुरुस्त्या घराच्या अवस्थेपेक्षा कागदपत्रांशी अधिक निगडित असतात. परवानगीविना बंदिस्त केलेला सज्जा, काढून टाकलेली भिंत, शौचालयाची बदललेली जागा यांची बँकेचा मूल्यांकक मंजूर नकाशाशी तुलना करतो. तफावत आढळल्यास कर्जात अडथळा येतो आणि ग्राहक तयार असूनही व्यवहार रखडतो. शक्य तेथे रीतसर परवानगी घेऊन काम नियमित करून घ्यावे, अन्यथा भिंत पूर्ववत करावी. काढलेली भिंत भार पेलणारी होती का, हेही अभियंत्याकडून तपासून घेणे श्रेयस्कर.

काय टाळावे?

विक्रीच्या तोंडावर मॉड्युलर किचन, इटालियन संगमरवर, नक्षीदार कृत्रिम छत यांवर लाखो रुपये खर्च करण्यात अर्थ नाही. नव्या मालकाची आवड, गरज आणि वास्तुशास्त्राविषयीच्या कल्पना वेगळ्या असतात. महिन्यापूर्वी बसवलेला ओटाही तो फोडू शकतो. कृत्रिम छतामुळे तर वरचा स्लॅब दिसेनासा होतो आणि जाणकार ग्राहकाच्या मनात शंका येते. जुन्या मोझॅक लाद्या शाबूत असतील, तर पॉलिश करून घेतल्याने त्या पुन्हा चकाकतात. लादीवर लादी बसवल्यास स्लॅबवरील भार वाढतो आणि दारेही खालून कापावी लागतात. रंगही फिकट, साधा असावा. गडद रंगाने खोली लहान भासते.

सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केला असेल, तर हे सारे गणितच बदलते. तेथे ग्राहक आजच्या भिंतींपेक्षा उद्याच्या जागेचे मोल देत असतो. अशा वेळी सुरक्षिततेच्या दृष्टीने निकडीची कामे तेवढी करावीत.

पावत्या जपून ठेवाव्यात

प्रत्येक कामाचे पक्के बिल, जलरोधक कामाचे हमीपत्र आणि वाळवीप्रतिबंधक उपचारांची पावती एका फाइलमध्ये लावून ठेवावी. काम चालू असताना उघड्या केलेल्या नळांची व तारांची छायाचित्रे घेतल्यास ती नव्या मालकालाही उपयोगी पडतात. या कागदांचा करातही लाभ होऊ शकतो. घरविक्रीतील भांडवली नफा मोजताना घरात केलेल्या भांडवली स्वरूपाच्या सुधारणांचा खर्च वजा मिळतो. नेहमीची रंगरंगोटी व किरकोळ डागडुजी सहसा त्यात मोडत नाही. कोणता खर्च कशात बसतो, याबाबत सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

सर्व दुरुस्त्या करणे प्रत्येकाला परवडेलच असे नाही. आजारपण, कर्जफेड किंवा मुलांचे शिक्षण अशा निकडीपोटीच अनेकदा घर विकायला काढलेले असते. अशा विक्रेत्यापुढेही एक सरळ मार्ग आहे. दोन कंत्राटदारांकडून दुरुस्तीच्या खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा, दोष ग्राहकाला दाखवावा, तेवढी रक्कम किमतीतून कमी करावी आणि तसा उल्लेख साठेखतात करावा. लेखी अंदाज समोर असला, की ग्राहकालाही मनमानी कपात मागता येत नाही. शिवाय दोष कागदावर नोंदवला गेल्याने तो दडवल्याचा आरोप पुढे करता येत नाही, आणि ताबा दिल्यानंतरच्या पहिल्या पावसात विक्रेत्याला फोनची धास्ती बाळगावी लागत नाही.