वेताळाचं सिंहासन आणि पँथरचं नाव

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे लागतं. इथल्या ठाकर-कातकरी वाड्यांभोवतीचं जंगल पाहिलं की आम्हाला लहानपणी रद्दीतून आणून वाचलेला वेताळ आठवतो. जंगलाचा राजा, कवटीच्या सिंहासनावर बसलेला. तेव्हा प्रश्न पडला नव्हता, आज पडतो: जंगल आदिवासींचं, मग राजा गोरा कसा?

ली फॉक यांनी हा 'फँटम' १९३६ साली अमेरिकेत आणला. १९६४ मध्ये टाइम्स समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं; पुढे तो मराठीतही 'वेताळ' म्हणून आला. भारतीय वाचक दुखावू नये म्हणून प्रकाशकांनी नावं बदलली. 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले, 'रामा' नावाचा खुनी 'रामालू' झाला. म्हणजे चूक दिसत होती. पण काळ्या माणसांवर गोऱ्याचं राज्य, हे मात्र कुणाला खटकलं नाही. वेताळपद बापाकडून मुलाकडे जातं, एकवीस पिढ्या! आणि हा एकच अमर माणूस आहे, असं बहुतेक जंगलवासीयांना भासवलं जातं. जन्माने मिळणारा अधिकार आणि त्याभोवती रचलेला चमत्कार. मित्रांनो, ही रचना आपल्या ओळखीची नाही काय?

आता अमेरिकेतलीच दुसरी बाजू पाहा. जुलै १९६६ च्या अंकात मार्व्हलने 'ब्लॅक पँथर' हा काळा नायक आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला. नायक आणि पक्ष एकच वाटू नयेत म्हणून १९७२ च्या एका अंकात या नायकाने स्वतःला 'ब्लॅक लेपर्ड' म्हणवून घेतलं. हे नाव टिकलं नाही, पण भीती दिसली. पुढे डॉन मॅकग्रेगर यांनी त्याला थेट कू क्लक्स क्लॅनशी भिडवलं. १९७६ मध्ये मासिकच बंद पडलं आणि ती कथा अर्ध्यावर राहिली.

आणि १९७२ मध्येच मुंबईत काय घडलं? नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने 'दलित पँथर' उभी केली. जे नाव तिथल्या कंपनीला जड झालं, ते इथल्या झोपडपट्टीतल्या पोरांनी छातीवर मिरवलं. त्यांनी ते कॉमिक्समधून घेतलं नव्हतं, काळ्यांच्या लढ्यातून घेतलं होतं.

म्हणून आमचं म्हणणं असं: नायक कोणत्या रंगाचा, एवढ्यावर थांबू नका. त्याच्या कथेत लोक काय करतात ते बघा. वेताळाच्या कथेत लोक वाट पाहतात. महाडला १९२७ साली लोक स्वतः चालत तळ्यावर गेले.

हाच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीबद्दल इशारा दिला. तरी आपण बॅनरवर त्यांना एकटाच तारणहार करून टाकतो. त्यांची चित्रकथा कशी सांगावी, हे २०११ च्या 'भीमायन'ने दाखवलं. ती दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी आपल्या शैलीत चितारली. चवदार तळ्याची गोष्ट आदिवासी हातांनी काढली गेली!

वैशाखऱ्याच्या वाडीतल्या मुलांच्या हाती आता वही आणि रंग द्या. जंगलाचा राजा कोण, ते त्यांना काढू द्या. कदाचित ती सिंहासनच काढणार नाहीत.

जय भीम.