शिकवणाऱ्याला कोण शिकवणार?

३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. आकडा सांगितला गेला ९९.७२ टक्के. १९९१च्या जनगणनेत आपण ७५.५१ टक्क्यांवर होतो, २००१मध्ये ८२.०१वर आणि २०११मध्ये ८८.७०वर. जनगणनेचे माप आणि या घोषणेचे माप एकच नव्हे हे खरे, पण वाटचाल नजरेत भरण्याजोगी आहे. कुणाही गोमंतकीयाला आनंद व्हावा अशीच ही गोष्ट.

आकडे वाचताना माझ्या मनात मात्र भलताच प्रश्न आला. साक्षरतेच्या इतिहासात शिकलेल्यांची मोजदाद असते. उद्घाटन करणाऱ्या मंत्र्यांची नावे असतात. क्वचित शिकवणाऱ्यांचाही उल्लेख होतो. पण त्या शिकवणाऱ्यांना कुणी तयार केले? मोठ्या माणसाला अक्षरओळख करून देण्याची विद्या त्यांना कुठे मिळाली? हे प्रकरण कुणी फारसे लिहितच नाही. आणि प्रौढशिक्षणाच्या चळवळी का उभ्या राहिल्या नि का बसल्या, याचे निम्मे उत्तर तर त्याच प्रकरणात दडलेले आहे, असे माझे मत होत चालले आहे.

कुणी म्हणेल, यात शिकायचे काय? ज्याला वाचता येते त्याने दुसऱ्याला शिकवावे, झाले! गोव्यात गावोगाव शेणवीमामा होतेच ना? देवळाच्या अग्रशाळेत, कुणाच्या ओसरीवर त्यांनी पिढ्यान् पिढ्या मराठी जगवली. त्यांना कुठे कुणी प्रशिक्षण दिले होते? बरोबर आहे. पण त्यांच्यासमोर मुले होती. धूळपाटीवर अक्षर गिरवायचे, चुकले तर छडी खायची, आणि उद्या पुन्हा यायचे, कारण घरचे पाठवतात. मोठ्या माणसाला कुणी पाठवत नाही. तो दिवसभर राबून आपल्या पायांनी येतो आणि अपमान झाला तर त्याच पायांनी परत जातो, तो कायमचा. म्हापशाच्या बाजारात मासळीचे वांटे लावून बसलेली बाई शंभराच्या नोटेचा हिशेब आपल्याआधी करते. तिला कुणी ‘दोन आंबे अधिक तीन आंबे किती?’ असे विचारले तर ती हसेल नाहीतर चिडेल. तिला हिशेब येतो, तो कागदावर मांडता येत नाही एवढेच. हा फरक ज्याला कळला तोच तिला शिकवू शकतो. हे कळणे म्हणजेच प्रशिक्षण.

मराठी मुलखात याची जाण जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. ही शाळा सर्वांना ठाऊक असते, पण त्याआधी सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे रीतसर शिक्षण घेतले होते हे आपण विसरतो. शाळा उघडण्याआधी शिक्षक घडवावा लागतो, हे त्या जोडप्याने ओळखले होते. तिकडे बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६मध्ये संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मग शिकलेल्यांच्या हाती पुस्तक पडावे म्हणून वाचनालयांचे जाळे विणले. त्यासाठी अमेरिकेहून बोर्डन नावाचे जाणकार बोलावले, आणि १९११मध्ये त्यांच्याकडून ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग चालवून घेतला. नुसती कपाटे वाटून महाराज थांबले नाहीत, कपाट चालवणारा माणूसही त्यांनी तयार केला. बडोद्याची ग्रंथालये नावाजली गेली त्याचे एक कारण मला हे वाटते.

प्रौढांना शिकवण्याचे शास्त्र म्हणून पहिला गाजावाजा झाला तो फ्रँक लॉबाक या अमेरिकन मिशनऱ्याचा. फिलिपाइन्समधल्या लानाव प्रांतात मारानाव लोकांसाठी त्याने १९३०च्या सुमारास चित्र, शब्द नि अक्षर यांची सांगड घालणारे तक्ते बनवले. मंदी आली, पैसे संपले, पगारी शिक्षक ठेवणे अशक्य झाले. तेव्हा जो शिकेल त्याने दुसऱ्याला शिकवावे, अशी प्रथा पडली. ‘एकाने एकाला शिकवावे’ ही घोषणा तिथली. १९३५मध्ये लॉबाक हिंदुस्थानात आला आणि ही घोषणा आपल्याकडे इतकी रुजली की आजही भिंतींवर दिसते.

घोषणा राहिली, तिच्या पोटातले पथ्य मात्र गळाले. लॉबाक शिकवणाऱ्याला बारीकसारीक सूचना देई. विद्यार्थ्यासमोर उभे राहू नका, शेजारी बसा. ज्याचे उत्तर त्याला येणार नाही असा प्रश्न विचारू नका. चुकला तर ‘चूक’ म्हणू नका, बरोबर काय ते सांगून पुढे चला. आवाज चढवू नका. वरवर पाहता या शिष्टाचाराच्या गोष्टी, पण प्रौढाचा वर्ग टिकतो की मोडतो ते यावरच ठरते. पैशाची टंचाई म्हणून निघालेला उपाय आपण तत्त्वज्ञान म्हणून उचलला आणि त्यामागची शिस्त सोडून दिली.

बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९मध्ये, मुंबई शहरासाठी प्रौढशिक्षणाची समिती स्थापन झाली. त्या कामातले एक तेजस्वी नाव म्हणजे कुलसुम सयानी. रेडिओवरच्या अमीन सयानींच्या त्या आई. पडद्यातल्या मुसलमान बायकांना शिकवायला त्या घरोघर गेल्या. नवसाक्षरांना वाचायला काहीतरी हवे म्हणून १९४०पासून ‘रहबर’ नावाचे नियतकालिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढले. भाषा एकच, साधी हिंदुस्तानी. ते त्यांनी वीस वर्षे चालवले. वर्ग संपला म्हणजे काम संपले नाही, हे त्यांना उमगले होते.

या सगळ्यात प्रशिक्षणालाच आयुष्य वाहणारी व्यक्ती कोण, असे विचाराल तर मी वेल्दी फिशर यांचे नाव घेईन. एका अमेरिकन बिशपची ही विधवा. १९४७च्या डिसेंबरात त्या गांधीजींना भेटल्या. हिंदुस्थानासाठी काही करायचे तर खेड्यांत जा, असे गांधीजींनी सांगितले. पुढच्याच महिन्यात गांधीजी गेले. १९५३मध्ये अलाहाबादेत बाईंनी साक्षरता निकेतन उभारले, तेव्हा त्यांचे वय ७३ होते! माणसे निवृत्त होऊन नातवंडे खेळवतात त्या वयात त्यांनी संस्था काढली. १९५६मध्ये ती लखनौला गेली.

या संस्थेचे वेगळेपण असे की तिचे मुख्य काम निरक्षरांना शिकवणे नव्हते, निरक्षरांना शिकवणारे घडवणे हे होते. गावोगावचे शिक्षक, समाजसेवक तिथे राहायला येत, पाठ घ्यायला शिकत, आसपासच्या खेड्यांत जाऊन प्रत्यक्ष वर्ग चालवत. कठपुतळीचा खेळ कसा करायचा, हेही तिथे शिकवत. बाहुलीच्या तोंडून सावकाराची नि अंगठ्याची गोष्ट सांगितली की कुणाला ती आपल्यावर रोखल्यासारखी वाटत नाही, आणि वर्गात यायची लाज निम्मी होते. शिकलेले विसरू नये म्हणून पत्र्याच्या पेट्यांत पुस्तके भरून ती फिरती वाचनालये खेड्यांत पाठवली जात. नवसाक्षरांसाठी लिहिणारे लेखकही तिथे तयार केले जात. सोपे लिहिणे हीदेखील शिकावी लागणारी गोष्ट आहे, हे किती जणांना सुचते? १९६४मध्ये बाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८०मध्ये शंभरी ओलांडून त्या गेल्या.

याच काळात आपल्या शेजारी सातारा जिल्ह्यात एक विलक्षण प्रयोग चालू होता. १९५९ची ग्रामशिक्षण मोहीम. प्राथमिक शाळेचे मास्तर, वरच्या वर्गांतली मुले, गावातले चार शिकलेले लोक असे सगळे कामाला लागले. ग्रामदेवतेसमोर शपथ व्हायची आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ. हा सगळा उत्सव इतका परिणामकारक ठरला की मोहीम पुढे महाराष्ट्रभर नेण्यात आली. पण समारंभ आटोपल्यावर काय? पाठपुरावा तोकडा पडला आणि शिकलेले बरेचसे पुन्हा विसरले. गावाला उठवण्याची कला मोहिमेला साधली होती, उठलेल्या गावाबरोबर वर्षानुवर्षे बसून राहणारा, त्या कामात मुरलेला माणूस तिच्यापाशी पुरेसा नव्हता. ही माझी टीका नव्हे, हळहळ आहे.

यातला धडा ज्यांनी घेतला त्यांत जे. पी. नाईक आणि चित्राताई नाईक यांना वरचे स्थान द्यावे लागेल. १९४८मध्ये मुंबईत स्थापन झालेली त्यांची भारतीय शिक्षण संस्था १९७६मध्ये पुण्यात आली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा १५ ते ३५ वयाच्या दहा कोटी लोकांना पाच वर्षांत शिकवायचे ठरले होते. केंद्र चालवणाऱ्याला मानधन होते महिना पन्नास रुपये. मात्र या कार्यक्रमाने एक शहाणपणाची गोष्ट केली. राज्यांसाठी साधन केंद्रांची जी व्यवस्था झाली, तिच्याकडे दोन कामे होती: स्थानिक भाषेत पुस्तके करणे आणि शिकवणाऱ्यांना प्रशिक्षण देणे. महाराष्ट्रात ही जबाबदारी पुण्याच्या त्या संस्थेने घेतली.

त्या वर्षांत प्रशिक्षणाच्या विचारावर पाउलू फ्रेइरी या ब्राझीलच्या शिक्षणतज्ज्ञाची मोठी छाया होती. गोवेकर म्हणून मला याची एक गंमत वाटते. पोर्तुगीज ही आपल्याकडे साडेचारशे वर्षे राजभाषा, पण त्या भाषेतला हा सर्वांत मुक्तिदायी विचार आपल्यापर्यंत आला तो इंग्रजीच्या वाटेने, तोही पोर्तुगीज गेल्यावर. १९६३मध्ये अँजिकुस या गावी फ्रेइरींनी तीनशे कष्टकऱ्यांना चाळीस तासांत शिकवण्याचा प्रयोग केला. ‘तिजोलु’ म्हणजे वीट. हा शब्द घेऊन त्याचे तुकडे करायचे आणि त, ते, ति, तो, तु असे कुटुंब मांडायचे. आपल्याला यात काय नवल? ही तर बाराखडी! नवल होते ते शिकवणाऱ्याच्या तयारीत. ते विद्यापीठातले तरुण होते. फ्रेइरींनी लिहून ठेवले आहे की तंत्र शिकवणे सोपे, या तरुणांची वृत्ती बदलणे अवघड. ‘मला येते, तुला येत नाही’ हा अहंकार घालवून बरोबरीने बोलायला शिकणे, हाच प्रशिक्षणाचा गाभा. १९६४मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि हे काम मोडून टाकले.

५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन आले आणि पगारी केंद्रांची जागा स्वयंसेवकांच्या लाटेने घेतली. केरळातला एर्नाकुलम जिल्हा फेब्रुवारी १९९०मध्ये पूर्ण साक्षर जाहीर झाला. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग आणि वर्धा पहिल्या फळीत होते. हजारो स्वयंसेवकांना तयार करायचे म्हणून प्रशिक्षणाची उतरंड रचली गेली: वर मोजके तज्ज्ञ, त्यांच्याकडून शिकलेले प्रशिक्षक, आणि त्यांच्याकडून शिकणारे स्वयंसेवक. कल्पना चांगली, पण ओंजळीतले पाणी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सांडते, तसे दर पायरीवर थोडे सांडले. पहिल्या पायरीवरची चर्चा, पाठ घेऊन पाहणे, चुका सुधारणे तिसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत भाषण होऊन जाई. एर्नाकुलममध्ये ते कमी सांडले, कारण स्वयंसेवक नि प्रशिक्षक सतत भेटत राहिले. तिथलीच एक गोष्ट मला फार आवडते. अनेक वयस्कांची अडचण अक्षराची नसून डोळ्यांची आहे, हे वर्ग घेणाऱ्यांच्या ध्यानात आले. मग लोकांकडून चष्मे गोळा झाले आणि हजारोंना मिळाले. ‘याला डोके नाही’ असे म्हणण्याआधी ‘याला दिसते का?’ असे विचारणारा माणूस लागतो. तो आपोआप तयार होत नाही.

८ सप्टेंबर २००९ला सुरू झालेली ‘साक्षर भारत’ योजना ३१ मार्च २०१८ला संपली. तिच्यातल्या प्रेरकांचे मानधन थांबले. साधन केंद्रांचा आधारही आटला. चाळीस वर्षांत साठलेले जाणतेपण असे विखुरले. आता २०२२ ते २०२७ या काळासाठी ‘उल्लास’ आहे. स्वयंसेवक बिनमानधनाचे, प्रशिक्षणाचे बरेचसे साहित्य दीक्षा पोर्टलवर. शेवटी वाचन, लेखन नि संख्याज्ञान यांची दीडशे गुणांची चाचणी. मोबाइलवरच्या पाठाला मी नावे ठेवणार नाही, तो खेड्यातही पोचतो. पण शेजारी कसे बसावे, हे मोबाइल कसा शिकवणार?

शासनाच्या व्याख्येत ९५ टक्के झाले की राज्य पूर्ण साक्षर. उरलेले कोण, याचा विचार करावा. म्हातारी माणसे. ज्यांची घरची भाषा कानडी, उडिया किंवा हिंदी आहे असे आपल्या बांधकामांवरचे मजूर. आणि जे काल शिकले, पण उद्या विसरतील तेही. ही सर्वांत अवघड मंडळी, त्यांना सर्वांत कसलेला शिक्षक हवा. पहिली पन्नास टक्के माणसे उत्साहानेही शिकतात, शेवटची पाच नुसत्या उत्साहाने शिकत नाहीत. साक्षरतेचे फलक खाली उतरल्यावर नेमके तेव्हाच प्रशिक्षणाचे खरे काम सुरू व्हायला हवे. एखादे महाविद्यालय, एखादे ग्रंथालय, एखादे देवस्थान किंवा इगर्ज यांनी वर्षाला वीस माणसे जरी अशी घडवली तरी गोव्याएवढ्या लहान प्रदेशाला ती पुरतील. वेल्दी फिशर यांनी त्र्याहत्तराव्या वर्षी सुरुवात केली होती. आपल्याला उशीर झाला असे म्हणण्याचा अधिकार नाही.