एकोणिसावा

मोबाइलवर शर्यत चालू आहे. बंदिस्त सभागृहातली, तीन हजार मीटरची. धावपट्टी दोनशे मीटरची, म्हणजे पंधरा फेऱ्या. वळणावर पट्टी परातीच्या कडेसारखी वर उचललेली. वारा नाही, पाऊस नाही, ऊन नाही. तुम्ही ती बघताय रत्नागिरीत, टिळक आळीतल्या एका ओटीवर बसून. पागोळ्या अशा गळतायत की समोरचा चिऱ्याचा गडगाही धड दिसत नाही. पहाटे भाट्याच्या पुलापर्यंत पळून यायचा बेत होता, पण बूट अजून कालचेच ओले आहेत.

छपराखाली लांब पळायची हौस काही आजची नाही. नोव्हेंबर १९०८ मध्ये डोरांडो पिएत्री आणि जॉनी हेझ हे दोघे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अख्खी मॅरेथॉन पळाले होते. एकाच रिंगणात अडीचशेवर फेऱ्या! घाण्याचा बैल बरा म्हणायचा.

तेवढ्यात लाइट जाते.

डोळे सरावतात तेव्हा खुंटीला कंदील आहे आणि हातातला मोबाइल गेलेला. दिंडीदरवाज्यापाशी कुणीतरी इरलं झटकतंय. रविवार, २२ ऑगस्ट १९२०. आळीत बोलणं हळू आवाजात चाललंय. बरोबर तीन आठवड्यांपूर्वी, रविवारीच, मुंबईला सरदारगृहात लोकमान्य गेले. आणि ते जन्मले ते घर याच आळीत. पलीकडे टेकडीवर थिबा राजाचा वाडाही सुनाच. राज्य हिरावून इथे आणून ठेवलेला राजा १९१६ मध्ये इथेच वारला, कुटुंब गेल्या वर्षी ब्रह्मदेशी परतलं. या गावाला बिनराज्याच्या राजाची सवय आहे.

तुम्हाला निघायचंय, पण पावसाळ्यात बोट बंद. घाटानं कोल्हापूर गाठायचं, तिथून पुढे बेळगाव. अर्थात शंभर वर्षं एका दमात ओलांडलेल्या माणसाला आंबा घाटाचं काय कौतुक? तुम्ही पायरी उतरता आणि पाऊल पडतं ते ॲन्टवर्पच्या ओल्या दगडी रस्त्यावर.

इथेही पाऊसच. पण आपल्यासारखा नव्हे. बारीक, थंड, चिकट, अंगातून न जाणारा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या गावात जर्मन सैन्य होतं. १९१६ चं ऑलिंपिक बर्लिनला व्हायचं होतं, ते महायुद्धानं गिळलं. म्हणून हे ऑलिंपिक बेल्जियमला मिळालंय, आणि मैदानावर पाच वर्तुळांचा झेंडा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच फडकतोय. मॅरेथॉन सुरू होऊन बराच वेळ झालाय. अंतर ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकमधलं सर्वांत लांब.

त्या घोळक्यात आपली दोन माणसं आहेत. एक बेळगावचा फडेप्पा दारेप्पा चौगुले. दुसरा दातार. रत्नागिरीच्या माणसाला हे आडनाव फोड करून सांगावं लागत नाही. कानावर पडताच तुम्ही मनातल्या मनात त्याचं मूळ गाव शोधायला लागता. ही दोघं इथवर पोचली ती पुण्यामुळे. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा हजर होते. शेतकरी घरातली पोरं अनवाणी पळत होती, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नव्हत्या. दोराबजींनी ते हेरलं आणि पदरचे पैसे घालून, सरकारकडे शब्द टाकून संघ उभा केला. मोजकी माणसं: चार धावपटू, दोन मल्ल. त्यातला रणधीर शिंदे याच आठवड्यात कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत जाणार आहे आणि हात हलवत परतणार आहे. त्याला आज ते माहीत नाही. तुम्हाला आहे, आणि सांगता येत नाही.

मैदानाच्या दारापाशी गलका होतो. पहिला आला. हानेस कोलेहमाइनेन, फिनलंडचा. मधली वर्षं अमेरिकेत गवंडीकाम करून राहिलेला. वेळ २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंद. पाठोपाठ, तेरा सेकंदांच्या आतच, एस्टोनियाचा युरी लॉसमान. तिसरा इटलीचा व्हालेरिओ अर्री. त्याच्या अंगात इतकं उरलंय की रेघ ओलांडल्यावर तो कोलांट्या उड्या मारतो. लोक हसतात. तुम्हीही.

पण तुमचं लक्ष झेंड्याच्या काठीकडे आहे. हाच कोलेहमाइनेन १९१२ मध्ये स्टॉकहोमला तीन सुवर्णपदकं जिंकला तेव्हा त्याच्यासाठी झारच्या रशियाचा झेंडा वर गेला होता. आज फिनलंडचा स्वतःचा जाईल. दुसऱ्या आलेल्याचा देशही तसाच, रशियाच्या टाचेखालून नुकता सुटलेला. चार वर्षांपूर्वी हे दोघेही झारचे प्रजाजन होते! स्वराज्य म्हणजे काय यावर आळीत रात्र-रात्र वाद ऐकलेत. ते असं घामेजून, चिखलानं माखून, एकामागून एक दारातून आत येताना दिसेल असं वाटलं नव्हतं.

मग काही घडत नाही. शर्यतीचा हाच भाग कुणी लिहीत नाही. चौथा येतो, सातवा येतो. बाकांवरची माणसं छत्र्या उघडून निघायला लागतात. दहावा. मध्ये बराच वेळ कुणीच नाही. बारावा येतो तो लंगडत. वेळ नोंदणारा कारकून टाक पुसतो, पुन्हा शाईत बुडवतो. विजेता येऊन पंधरा मिनिटं होऊन गेली. त्याच्या अंगावर एव्हाना कोरडे कपडे असतील. तुम्ही मात्र दाराकडे डोळे लावून, मोहरमला ताबूत बघायला आलेल्या पोरासारखे टाचा उंचावून उभे.

सतरा. अठरा.

आणि मग तो. आधी नुसतीच चाल ओळखू येते, मान किंचित पुढे, कोपर अंगाशी. घाटाखालची माणसं अशी पळत नाहीत. पायांत काय आहे ते इथून कळत नाही, चिखलानं सगळ्यांचे पाय एकाच रंगाचे झालेत. आजवर हिंदुस्थानातून कुणी ऑलिंपिकची मॅरेथॉन पळालेलं नाही. त्याचं नाव पुकारायला इथे गाववाला नाही, हलगी नाही, फेटा बांधायला उभा असलेला पाटील नाही. ज्या देशाच्या नावानं तो पळतोय त्याचा झेंडाही साहेबानं ठरवून दिलेला. तुम्ही ओरडता, “फडेप्पा, चल रे, आलंच!” शेजारचा बेल्जियन दचकूनसुद्धा बघत नाही. तुमचा आवाज शंभर वर्षांनंतरचा आहे.

तो रेघ ओलांडतो. २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद. एकोणिसावा. विजेत्याच्या मागे अठरा मिनिटं, आणि त्याच्या मागे आणखी कितीतरी माणसं अजून पावसात. तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो, मग सावकाश सरळ होतो आणि मागे दाराकडे बघतो. दातारची वाट बघत असणार.

तुम्हीही बघता. विसावा येतो, पंचविसावा येतो. पाऊस वाढतो. तिसावा. दातार येत नाही; तो वाटेतच थांबलाय. कारकून शेवटची पानं आवरायला घेतो. तुम्ही त्याच्या खांद्यावरून डोकावता. अर्ध्यात सोडलेल्यांच्या यादीत त्यानं नाव लिहिलंय: सदाशीर दातार.

“शीर नव्हे हो,” तुम्ही म्हणता, “शिव. सदाशिव.”

तो शाईवर टीपकागद दाबतो आणि वही मिटतो.