पाटीपासून चित्रदालनापर्यंत

पंढरपूर म्हटले की महाराष्ट्राला विठोबा आठवतो. त्याच पंढरपुरात १७ सप्टेंबर १९१५ रोजी एका सुलेमानी बोहरा कुटुंबात मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म झाला, ही गोष्ट मात्र आपण मराठी मुसलमानही फारशी आवर्जून सांगत नाही. त्यांच्यावर झालेले वाद आपल्याला तोंडपाठ आहेत. ज्या वाटेने ते चित्रकलेकडे आले ती वाट मात्र आपण विसरलो आहोत. ती वाट रस्त्यावरून, सिनेमाच्या फलकांवरून गेली होती, म्हणूनच तिची आठवण करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

रस्त्यावरचा चित्रकार दालनात कसा पोहोचला, ही कथा हल्ली अमेरिकेच्या संदर्भात सांगितली जाते. १९७० नंतर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर मुले रात्री चोरून आपली नावे रंगवू लागली. त्यांच्यापैकी फ्युचुरा या टोपणनावाच्या तरुणाने १९८० मध्ये एका डब्यावर अक्षरांना जवळजवळ रजा देऊन नुसत्या रंगांचे ढग उभे केले. पुढच्याच वर्षी तिथे फन गॅलरी सुरू झाली आणि भिंतीवरचे हे हात कॅनव्हासकडे वळले. ज्याँ-मिशेल बास्किया हाही मॅनहॅटनच्या भिंतींवर वाक्ये लिहीतच पुढे आला. अक्षर वाचण्यासाठी असते, ते वाचता येईनासे झाले की आकार होते आणि आकार सुटा झाला की अमूर्त चित्र जन्मते, असा हा क्रम आहे.

हा क्रम आपल्याला परका नाही. विजापूरच्या इब्राहिम रौजाच्या खिडक्या पाहाव्यात. तिथे दगड कोरून अक्षरांच्याच जाळ्या केल्या आहेत. वाचणाऱ्याला त्यात मजकूर दिसतो, न वाचणाऱ्याला प्रकाशाची नक्षी. कूफी लिपीचे कोन आणि सरळ रेषा तर विटांच्या भिंतींवर शतकानुशतके चित्राचेच काम करीत आल्या. तसबिरीबद्दल आपल्या समाजात संकोच राहिला, पण खुशखतीला सदैव मान मिळाला. हुसेन लहानपणी बडोद्याच्या मदरशात राहिले आणि कूफी वळणाची अक्षरे तिथे शिकले. त्यांच्या हाताला पहिली शिस्त लागली ती अक्षराची.

दीड वर्षाचे असतानाच त्यांची आई गेली. बालपण इंदूरला गेले. १९३० नंतरच्या दशकात ते मुंबईत आले आणि सिनेमाचे फलक रंगवू लागले. मजुरी चौरस फुटाला काही आण्यांच्या हिशोबाने मिळे. या कामाची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल. लहानशा फोटोवर चौकोन आखायचे, तेच चौकोन मोठ्या फलकावर आखायचे आणि नायिकेचा चेहरा एकेक चौकोन करत वाढवत न्यायचा. जवळून पाहिले तर गाल म्हणजे नुसता गुलाबी पट्टा आणि डोळा म्हणजे काळा फराटा. रस्त्यापलीकडे गेल्यावरच चेहरा उमटतो. मोठा कुंचला, ठसठशीत बाह्यरेषा, घाईत पण न चुकता मारलेला फटकारा हे पुढे ज्याला 'हुसेन शैली' म्हटले गेले त्याचे मूळ आम्हांला या फलकांत दिसते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. न्यूयॉर्कची मुले परवानगी न घेता स्वतःचे नाव लिहीत होती. हुसेन मजुरी घेऊन दुसऱ्यांची नावे आणि चेहरे रंगवीत होते. त्यांचे स्वतःचे नाव फलकावर कुठेच नव्हते. १९४१ मध्ये फझिला बीबींशी लग्न झाले, संसार वाढला, तेव्हा त्यांनी लाकडी खेळणी आणि मुलांच्या फर्निचरचे आराखडेही केले. मग १९४७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात 'सुनहरा संसार' हे त्यांचे चित्र लागले आणि फलकाखालचे अनाम हात पहिल्यांदा नावानिशी भिंतीवर आले.

त्याच वर्षी फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. त्यात हुसेन, सय्यद हैदर रझा, आरा, गाडे आणि बाकरे होते. देश फाळणीने होरपळत असताना मुंबईत गोव्याचा ख्रिस्ती, मंडल्याचा आणि पंढरपूरचा मुसलमान आणि त्यांचे हिंदू मित्र एकत्र बसून नव्या देशाची चित्रभाषा शोधत होते. या घटनेचे मोल आज जास्तच जाणवते.

हुसेन पूर्ण अमूर्ताकडे गेले नाहीत. माणूस, बाई, घोडा त्यांनी सोडले नाहीत. त्यांच्या घोड्यामागे मोहरमचा दुलदुल आहे, असे जाणकार सांगतात. पण १९५६ च्या 'बिटविन द स्पायडर अँड द लॅम्प' या चित्रात स्त्रियांच्या डोक्यावर एक ओळ लिहिलेली आहे, ती कोणत्याच लिपीत धड वाचता येत नाही. पाटीवर वाचलीच पाहिजेत अशी अक्षरे लिहिणाऱ्या माणसाने इथे अक्षराला अर्थाच्या नोकरीतून मोकळे केले. त्या वाटेचे पुढचे टप्पे इतरांनी गाठले. रझांचा काळा बिंदू १९८० च्या आसपास त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी येऊन बसला. नागपुरात जन्मलेले, गिरगावच्या चाळीत वाढलेले वासुदेव गायतोंडे यांनी तर रंगाच्या थरांत कुठल्याच भाषेत नसलेल्या खुणा ठेवल्या.

मान मिळाला आणि मनस्तापही. १९६७ साली त्यांच्या 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' या लघुपटाला बर्लिनचे गोल्डन बेअर मिळाले, १९९१ साली पद्मविभूषण मिळाले. १९९६ पासून जुन्या चित्रांवरून गदारोळ सुरू झाला, १९९८ साली मुंबईतल्या घरावर हल्ला झाला. आणि २००४ साली 'मीनाक्षी' चित्रपटातील एका कव्वालीवर काही मुस्लिम संघटनांनीच आक्षेप घेतला तेव्हा हुसेन यांनी तो चित्रपट पडद्यावरून काढून घेतला. हे आपण विसरू नये. कलावंताला गप्प करण्याची घाई फक्त 'त्यांच्यात'च असते असे म्हणण्याचा हक्क त्या दिवसापासून आपल्याला उरला नाही. २००६ साली त्यांनी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील फौजदारी तक्रारी रद्द केल्या, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले, ९ जून २०११ रोजी ते लंडनमध्ये वारले आणि लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांना माती मिळाली. त्यांचे १९५४ चे 'ग्रामयात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरला गेले. ज्या शहराच्या फलकांवर आण्यांच्या हिशोबाने हात तयार झाला, त्या शहराने त्यांना शेवटची जागा दिली नाही.

आता आमच्या मानपाड्याकडे येऊ. डोंबिवली स्टेशनपासून कल्याण-शीळ रस्त्याकडे जाणाऱ्या मानपाडा रोडवर एकेकाळी दुकानांच्या पाट्या, शटर, एमआयडीसीतल्या कारखान्यांची फाटके, निवडणुकीच्या भिंती हे सारे पेंटर हाताने रंगवीत. खडूत बुडवलेल्या सुतळीने ओळ मारायची, अक्षर आखायचे, ऑइल पेंट भरायचा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पेंटर अमुक' अशी सही करायची. डिजिटल छपाईचा फ्लेक्स आला आणि काही वर्षांत ही सही पुसली गेली. एका रात्रीत पन्नास फलक छापून मिळत असताना चार दिवस पाटी कोण रंगवून घेणार? या कामात सर्व जातिधर्मांचे हात होते, आपलेही पुष्कळ होते. त्यांच्यापैकी कोणाला दालनाचा दरवाजा ठाऊक नव्हता आणि दालनालाही त्यांची गल्ली ठाऊक नव्हती.

आज भिंतीला पुन्हा प्रतिष्ठा आली आहे. २००९ साली मुंबईत तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत नागरिकांनी रंगवली. २०१७ साली ससून डॉकवर कलाप्रकल्प झाला. फ्रान्समध्ये वाढलेल्या ट्युनिशियन वंशाच्या एल सीद याने २०१२ साली गाबेस शहरातल्या मशिदीच्या मिनारावर, तर २०१६ साली कैरोतल्या कचरा वेचणाऱ्या कॉप्ट ख्रिस्ती वस्तीत सुमारे पन्नास इमारतींवर मिळून अरबी अक्षरांचे एकच चित्र काढले. मशिदीची भिंत आणि ख्रिस्ती वस्तीची भिंत एकाच अक्षराने जोडता येते, हे त्याने दाखवले.

आपल्याकडेही हे होऊ शकते. पण त्याआधी आपल्या मुलांच्या हातातली चित्रवही आपण 'हे काय कामाचे?' म्हणून बाजूला सारणे थांबवायला हवे. ज्या उस्तादांना पाटी लिहिता येते ते अजून आपल्या मोहल्ल्यांत आहेत. कोणी रिक्षांवर नावे लिहून, तर कोणी घरे रंगवून पोट भरतो. त्यांच्याकडून अक्षर शिकून घेणारा एखादा मुलगा, एखादी मुलगी उद्या कोऱ्या कॅनव्हाससमोर उभी राहिली, तर तिच्यामागे मदरशातल्या तख्तीपासून सिनेमाच्या फलकापर्यंतची परंपरा आहे, एवढे तिला आपण सांगू शकलो पाहिजे.